उसनं बोट

दुकान नऊला उघडायचं, पण भाऊ आणि स्क्रू पावणेनऊलाच आत असत. शटर अर्धं वर, काउंटरवर एक लहानसं मशीन, शेजारी भाऊंचा फोन, आणि फोनशेजारी पुढे केलेलं स्क्रूच्या डाव्या हाताचं बोट. भाऊ त्या बोटाला सुई टोचायचे, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचे. मशीन क्षणभर विचार केल्यासारखं करून आकडा दाखवायचं आणि तोच आकडा आपोआप फोनमध्ये जाऊन बसायचा, तोही भाऊंच्या नावावर. म्हणजे साखरेचा आजार भाऊंना आणि रक्त स्क्रूचं. ऐकणाऱ्याला हा प्रकार विनोदी वाटेल. सुरुवातीला त्या दोघांनाही तो विनोदीच वाटला होता.

दुकान चष्म्यांचं होतं आणि भाऊंचं होतं. वय एकसष्ट, पोट पुढे, आवाज मोठा. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, चष्मा करून द्यायचा, हे पस्तीस वर्षं चाललेलं. स्क्रू त्यांचा कारागीर. काच घासून फ्रेमच्या मापाची करणं, ती बसवणं, मोडलेल्या दांड्या जोडणं हे सगळं त्याचं. पन्नाशीचा, अंगाने काडी. खिशात कायम करंगळीएवढा स्क्रू-ड्रायव्हर, त्यावरून हे नाव पडलं. गिऱ्हाइकाने नाव ऐकून हसू दाबलं की तोच सांगायचा, "हसा हो. घरी बायको म्हणते, एक तेवढा डोक्यातला ढिला राहिलाय." बावीस वर्षं तो त्याच स्टुलावर बसत होता.

भाऊंची लेक दुसऱ्या शहरात. तिला मूल झालं म्हणून भाऊंची बायको दोन महिन्यांसाठी तिकडे गेली, त्याला आता दीड वर्ष झालं. मायलेकींनी तिकडे बसून भाऊंच्या तब्येतीचा कारभार हातात घेतला. मशीन पाठवलं, फोनवर अॅप टाकायला लावलं. रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं. आकडा चांगला असेल तर फोनवर हिरवा गोल, बरा असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. आणि जो रंग इथे, तोच त्या क्षणी लेकीच्या फोनवर तिथे.

पहिले पंधरा दिवस लालच लाल. होणारच. भाऊ गोळी आठवली तर घ्यायचे आणि चहा न आठवताही घ्यायचे. शेवटी लेकीने फोन केला आणि लहानपणी भाऊ तिच्याशी ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात म्हणाली, "बाबा, तीन महिने बघते. सुधारलं नाही, तर दुकानाला कुलूप लावायचं आणि इकडे राहायला यायचं. मी येऊन घेऊन जाईन."

ती बोलली की करते, हे भाऊंना माहीत होतं, कारण ती त्यांचीच लेक होती. दुकान बंद करून लेकीच्या घरातल्या एका खोलीत खिडकीपाशी बसायचं, ही कल्पनाच त्यांना सोसेना.

आणि मग ती सकाळ आली. स्क्रूने आपलं गंमत म्हणून बोट पुढे केलं. "भाऊ, माझी बघा की. आत साखर आहे का नुसतंच पाणी, कळू दे एकदा."

भाऊंनी टोचलं. चौऱ्याण्णव. फोन टुणकन वाजला आणि हिरवा गोल उमटला.

"अरे, हे माझ्या नावावर गेलं," भाऊ म्हणेपर्यंत लेकीचा फोन आलासुद्धा. ती रडत होती. "बाबा! चौऱ्याण्णव! मी आईला उठवून दाखवलं." मागून बायकोचा आवाज, "विचार त्यांना, चहा सोडला का काय?" भाऊंनी खरं सांगायला तोंड उघडलं. समोर स्क्रू बोट चोखत हसत होता. भाऊ म्हणाले, "जरा कमी केलाय."

ज्याला थोडी लाज असते तो माणूस दुपारपर्यंत फोन करून सांगतो, की अगं, गंमत झाली. भाऊंनाही लाज होती. त्यांनी ती संध्याकाळवर ढकलली, मग उद्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशीन हातात घेऊन नुसतेच बसले होते, तर स्क्रूने स्वतःहून बोट काउंटरवर ठेवलं.

"घ्या भाऊ. एका थेंबाने मी काही आणखी वाळत नाही."

"नको रे. बरं दिसत नाही."

"दुकान बंद झालेलं बरं दिसेल का? घ्या."

झालं, रोजचा पायंडा पडला. स्क्रू घरून काही न खाता यायचा, बोट द्यायचा आणि मान वळवून विचारायचा, "पास?" भाऊ फोनकडे बघून म्हणायचे, "पास." मग दोघं हसायचे आणि शटर पूर्ण वर जायचं. आकडा स्क्रूने कधी पाहिला नाही. त्याला काय करायचा होता? लेक रोज फुलं आणि टाळ्यांची चित्रं पाठवायची. प्रयोगशाळेतली तीन महिन्यांची तपासणी आली तेव्हा भाऊ तिला म्हणाले, "रोज हिरवं दिसतंय ना? मग उगाच कशाला नळीभर रक्त द्यायचं?" आपण किती सहज थाप मारू शकतो याचं त्यांना त्या दिवशी जरा कौतुकसुद्धा वाटलं.

स्वतःचं बोट मात्र त्यांनी त्यानंतर एकदाही टोचलं नाही.

सत्तर-बाहत्तर दिवस गेले असतील. एका सकाळी आकडा आला एकशे अठरा. भाऊ म्हणाले, "पास," पण त्यांचं हसू जरा उशिरा आलं. दुसऱ्या दिवशी एकशे चोवीस. तिसऱ्या दिवशी एकशे एकतीस, आणि गोल पिवळा. लेकीचा फोन ठरलेलाच. "बाबा, काल काय खाल्लंत?" भाऊंनी फोन ठेवून स्क्रूला विचारलं, "काल काय खाल्लंस रे?"

"नेहमीचंच. का? नापास?"

"नाही, नाही. पास. सकाळी काही तोंडात टाकलं होतंस?"

"फक्त पाणी. हल्ली तहान फार लागते बघा. चार-चार ग्लास पितो."

आता हे वाक्य भाऊंनी कुणा गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं असतं, तर हातातलं काम टाकून त्याला डॉक्टरकडे पिटाळलं असतं. पण हे वाक्य त्यांनी ऐकलं आणि कानाआड केलं. पट्ट्या जुन्या झाल्या असतील, असं स्वतःला सांगून नवी डबी फोडली. नवी डबी म्हणाली एकशे एकोणचाळीस.

मग त्यांनी जे केलं ते सांगायला मलाही जड जातंय. त्यांनी मशीनचा आणि फोनचा संबंध तोडला. अॅपमध्ये आकडा हाताने भरायची सोय होती; ती ज्यांचं मशीन बिघडलंय त्यांच्यासाठी होती. भाऊ स्क्रूचं बोट टोचायचे, मशीनवर बघायचे एकशे बावन्न, तोंडाने म्हणायचे "पास," आणि फोनमध्ये भरायचे सत्त्याण्णव. एकशे साठ, पास, एकशे एक. एकशे एकाहत्तर, पास, पंच्याण्णव. दर वेळी वाटायचं, आज सांगू. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तू डॉक्टरकडे जा. डॉक्टर विचारणार, कुणी मोजली, कधी मोजली. ते स्क्रूच्या बायकोला कळणार, तिच्याकडून भाऊंच्या बायकोला कळणार, कारण त्या दोघींचं फोनवर बोलणं व्हायचं. मग लेक येणार, कुलूप लागणार. या सगळ्या हिशेबात स्क्रू कुठे होता, हे भाऊंनी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. तो सगळ्यांच्या शेवटी होता.

आकडा एकशे सत्त्याऐंशी झाला त्या दिवशी भाऊ मशीन पुसत म्हणाले, "उद्यापासून तुझं बोट नको. माझीच साखर आता बरी राहतेय."

स्क्रूचा चेहरा फुलला. "खरंच? भाऊ, म्हणजे मीच बरं केलं म्हणायचं तुम्हाला. रोज माझ्या रक्ताचा आदर्श समोर होता ना!"

त्याने त्या आनंदात समोरच्या टपरीवरून दोन चहा आणवले. भाऊंचा बिनसाखरेचा. स्वतःचा भरपूर गोड. भाऊ त्याला पिताना बघत राहिले.

त्यानंतर अकरा आठवडे गेले. भाऊ फोनमध्ये मनचे आकडे भरत होते. लेकीचे तीन महिने कधीच भरले होते, दुकान वाचलं होतं. आता सांगितलं तरी चाललं असतं असं कुणालाही वाटेल. पण पहिल्या दिवशी न सांगितलेली गोष्ट दहाव्या दिवशी सांगणं दहापट अवघड होतं आणि भाऊ रोज सकाळी त्यात एक दिवस घालत होते. स्क्रूची पॅंट कमरेत सैल झाली. त्याने पट्ट्याला नवं भोक पाडलं, तेही दुकानातल्याच टोच्याने. दर तासाला तो मागे जाऊन यायचा. अंगठ्याला काचेची धार लागली होती, ती जखम महिनाभर चिकटपट्टीखाली ओलीच राहिली. भाऊ हे सगळं बघायचे आणि बघितलं की काहीतरी शोधायला खण उघडायचे.

मग एकदा स्क्रू म्हणाला, "भाऊ, जरा माझे डोळे बघता का? समोरच्या इमारतीवरची पाटी धुरकट दिसते."

भाऊंनी त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. अक्षरांच्या तक्त्यावरच्या खालच्या चार ओळी स्क्रूला दिसेनात. दूरचा नंबर ज्याला कधी नव्हता, त्याला एकदम एक लागला होता. भाऊंच्या मागे, खुर्चीत बसलेल्याला नीट दिसेल अशी एक पाटी होती. भाऊंनीच ती करून घेतली होती: "नंबर अचानक बदलला? चष्म्याआधी रक्तातली साखर तपासा." पस्तीस वर्षांत हजारो माणसांना त्यांनी हे वाक्य तोंडीही सांगितलं होतं. कितीतरी माणसं नंतर पेढे नाही तरी आशीर्वाद देऊन गेली होती.

स्क्रूला ती पाटी वाचता येत नव्हती. भाऊंनी ती वाचून दाखवली नाही.

"वय झालं तुझं," ते म्हणाले. "चष्मा करून देतो."

आणि दिला. दुकानातली सगळ्यात हलकी, सगळ्यात देखणी फ्रेम काढली, काचा स्वतः घासल्या, स्वतः बसवल्या, नाकावरच्या गाद्या तीनदा बदलल्या. स्क्रू पैशांचं बोलू लागला तेव्हा त्याला दटावलं. स्क्रू दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला चष्मा काढून दाखवत होता. "भाऊंनी दिला. स्वतःच्या हाताने केलाय. सांगा, कोण करतं कारागिरासाठी एवढं?" भाऊ त्या वेळी आतल्या खोलीत जाऊन उभे राहायचे. तिथे एक आरसा होता. ते आरशाकडे पाठ करून उभे राहायचे.

तीन आठवड्यांनी एक निवृत्त शिक्षिका दुकानात आल्या. त्यांनी नवा चष्मा आठवड्यापूर्वीच नेला होता. तो त्यांनी पर्समधून काढून काउंटरवर ठेवला. "हा घातला की जिना तिरका दिसतो हो. काल शेवटच्या दोन पायऱ्यांवर मी गेलेच होते. शेजारीण होती म्हणून वाचले."

भाऊंनी चष्मा तपासला. डावी काच फिरून बसली होती. थोडीथोडकी नाही, चांगली वीस अंश. ठरावीक दिशेनेच बसवावी लागते अशा काचेवर एक बारीक खूण केलेली असते, आणि ती खूण बघून बसवणं हे स्क्रूचं काम. बावीस वर्षांत त्याच्या हातून अशी काच गेली नव्हती. बाईंना दुपारपर्यंत दुरुस्त करून देतो असं सांगून भाऊंनी त्यांना जुना चष्मा घालून पाठवलं. त्या गेल्यावर मागे वळून पाहिलं तर स्क्रू स्टुलावरून उठून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"दाखवा," तो म्हणाला. भाऊंनी चष्मा दिला. त्याने तो उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला, नवा चष्मा कपाळावर चढवून बघितलं, परत खाली ओढून बघितलं. "मला खूण दिसत नाहीये," तो म्हणाला. "आत्तासुद्धा दिसत नाही, भाऊ."

भाऊंनी चष्मा परत घ्यायला हात पुढे केला.

"पंधरा दिवस झाले. एक दिवस दिसतं, एक दिवस नाही. मी अंदाजाने बसवत होतो. तुम्हाला सांगायची लाज वाटली. एवढा चष्मा करून दिलात, आणि मी पुन्हा कुठल्या तोंडाने सांगू की दिसत नाही?" त्याने चष्मा काउंटरवर ठेवला. "बाई पडल्या असत्या, भाऊ. माझ्यामुळे. या महिन्याच्या शेवटी मी थांबतो. तुम्ही दुसरा माणूस बघा. तुमच्या दुकानाचं नाव माझ्या हाताने जायला नको."

ज्याने काही केलं नव्हतं तो मान खाली घालून उभा होता, आणि ज्याने केलं होतं तो ताठ उभा होता. भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही, आणि हे सांगायलाच हवं, तरीही त्यांनी आधी सोपा रस्ता धरून पाहिला.

"अरे, थांबायचं काय काढलंस? तू एकदा साखर तपासून घे. आजच जा."

स्क्रू चक्क हसला. त्या तसल्या अवस्थेतसुद्धा हसला. "माझी साखर? भाऊ, विसरलात का? अडीच-तीन महिने रोज तुम्हीच बघत होता की. एक दिवस नापास नाही झालो."

"ते... तेव्हाचं वेगळं."

"बायकोपण महिनाभर मागे लागलीय. वजन उतरलंय, रक्त तपासा, रक्त तपासा. तिला मी झापलं. म्हटलं, अगं, भाऊंनी रोज बघितलंय, माझ्या रक्ताच्या जोरावर त्यांची साखर पास झाली, आणि मला काय व्हायचंय? गप्प बसली बिचारी. भाऊंचं नाव घेतलं की ती पुढे बोलत नाही."

आता मात्र कुठेही जायला जागा उरली नाही. भाऊंनी त्याला साखर तपासायला पाठवायचं म्हटलं, तर वाटेत त्यांचाच शब्द आडवा येत होता. तो शब्द स्क्रूच्या घरापर्यंत पोचला होता, तिथे त्याच्या बायकोचं तोंड बंद करत होता. भाऊंनी शटर अर्धं खाली ओढलं, काउंटरच्या खणातून मशीन काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"यात सगळे आकडे राहतात," ते म्हणाले. "तारखेसकट. हे बटण दाबलं की मागचे दिसतात. मोठ्या अक्षरात आहेत, तुला दिसतील."

स्क्रूने बटण दाबलं. एकशे सत्त्याऐंशी. पुन्हा दाबलं. एकशे एकाहत्तर. एकशे साठ. एकशे बावन्न. तो आकडे पुटपुटत मागे मागे गेला, अठ्ठ्याण्णवपर्यंत पोचला आणि थांबला. मग त्याच रस्त्याने पुन्हा पुढे आला.

"हे तुमचे?"

"तुझे."

"ह्या दिवशी," त्याने तारखेवर नख ठेवलं, "तुम्ही पास म्हणालात."

"हो."

"आणि ह्या?"

"सगळ्या दिवशी म्हणालो. मला कळलं होतं. दुकान जाईल म्हणून गप्प बसलो. दुसरं काही कारण नाही." भाऊंना वाटलं होतं, बोलून टाकल्यावर जीव हलका होईल. तसं काहीच झालं नाही.

"आत्ता बघा," स्क्रू म्हणाला आणि त्याने बोट पुढे केलं. भाऊंनी सुई उचलली, पण त्याने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः टोचून घेतली. पट्टी स्वतः लावली. तीनशे अठरा.

त्याने आकडा वाचला आणि मशीन खाली ठेवलं. ओरडेल, निदान एखादी शिवी घालेल, म्हणून भाऊ वाट बघत होते. त्यांना ती हवीच होती. स्क्रू एवढंच म्हणाला, "आणि तुम्ही मला चष्मा करून दिलात."

त्याने अंगावरचा कामाचा कोट काढून खिळ्याला अडकवला. मशीन रुमालात गुंडाळून खिशात घातलं, डॉक्टरला तारखा लागतील म्हणून. भाऊ चपला शोधू लागले. "थांब, मी येतो बरोबर."

"नको. बाईंना दुपारी चष्मा द्यायचाय. तो माझ्याने होणार नाही, तुम्ही बसा." आणि वाकून शटरखालून निघून गेला.

भाऊंनी काच बसवली. तीनदा तपासली. मग लेकीला फोन लावला आणि पहिल्या चौऱ्याण्णवपासून सगळं सांगितलं, मध्ये तिला बोलू न देता. त्यांचं संपल्यावर तिने पहिलं हेच विचारलं.

"त्या काकांना कधी सांगितलंत?"

"आज."

"आज?" ती म्हणाली. "बाबा, तुमचे हिरवे गोल मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत होते."

भाऊ म्हणाले, "दुकान बंद करतो. कधी येऊ सांग."

"दुकानाचं मी आत्ता काही बोलले नाही," ती म्हणाली. "आईला तुम्हीच सांगा." आणि फोन आईकडे दिला. बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "त्याच्या बायकोसमोर आता मी कशी उभी राहू?" आणि फोन ठेवला. भाऊंनी पट्टीच्या डबीतून एक पट्टी काढली, तेव्हा आठवलं की मशीन स्क्रूकडे आहे. स्वतःची साखर किती आहे हे त्यांना त्या दिवशीही कळलं नाही.

स्क्रू चौथ्या दिवशी आला. नऊला आला, पावणेनऊला नाही. भाऊ अर्ध्या शटरमध्ये वाट बघत उभे होते. तो आत आला, मशीन काउंटरवर ठेवलं, कोट चढवला. त्याच्या शर्टाच्या खिशात स्वतःचा फोन होता, त्यावर तेच अॅप. आकडे बायकोच्या फोनवर जातील अशी सोय त्याच्या मुलीने करून दिली होती, असं भाऊंनी विचारल्यावर त्याने सांगितलं. इन्सुलिन सुरू केलं होतं, सकाळी आणि रात्री.

"डॉक्टर काय म्हणाले?" भाऊंनी विचारलं.

"तीन महिने आधी आला असतात तर बहुतेक गोळीवर भागलं असतं, असं म्हणाले." शेजारच्या घरातली बातमी सांगावी तसं त्याने सांगितलं. "नजर येईल म्हणतात जागेवर, साखर उतरली की. डोळ्याच्या आतल्या पडद्याचं मात्र तपासल्याशिवाय सांगता येत नाही. तोवर बारीक काम करू नका म्हणाले. मी फ्रेमा पुसतो, गिऱ्हाईक बघतो. काम सोडत नाही. सोडून चालणार नाही मला."

"अरे, तू काहीच करू नकोस. नुसता बस. जे लागेल ते मी..." भाऊ त्याच्या मागे मागे गेले. "मला माफ कर, असं तरी कसं म्हणू तुला? तू मला काहीतरी बोल. शिव्या दे."

स्क्रू फडकं घेऊन पहिल्या ओळीतल्या फ्रेमा पुसायला लागला होता. एक पुसून झाली, ती जागेवर ठेवली, दुसरी उचलली.

"शुक्रवारी पडद्याची तपासणी आहे," तो फ्रेमकडे बघतच म्हणाला. "अर्ध्या दिवसाची रजा मिळेल का, मालक?"

हा कुणाशी बोलतोय, हे भाऊंना क्षणभर कळलंच नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"मिळेल," ते म्हणाले.